तालमीचा खर्च कोण भरतो?

(मुलुंड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शनिवारची संध्याकाळ आहे, कालिदासला नाटक लागलंय, तरी तुम्ही इथे येऊन बसलात. नाटकाबद्दल बोलणाऱ्यांना नाटकापेक्षा जास्त गर्दी झाली तर ते बरं लक्षण नव्हे, पण आज आम्ही तक्रार करणार नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'नवोदित रंगकर्मींसाठी विद्यावेतन आणि मार्गदर्शन'. जरा सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. साध्या भाषेत प्रश्न असा, की नाटक शिकायला आलेल्या पोराला किंवा पोरीला शिकत असतानाच पैसे द्यावेत का? द्यायचे तर कोणी, किती आणि कधी? आणि त्याला शिकवणाऱ्यानं नेमकं काय करायचं? आम्ही सहा-सात जण पूर्व उपनगरांत एक लहानशी नाट्यसंस्था चालवतो. या प्रश्नाशी आमची काही वर्षं झटापट चाललीय आणि तिच्यात आम्ही बऱ्याचदा तोंडावर आपटलोय. तेही सांगणार आहोत.

ही चर्चा अमेरिकेत फार जोरात झाली. तिथल्या नाट्यसंस्थांमध्ये उमेदवारी करायची म्हणजे महिनोन्महिने फुकट राबायचं, अशी रीत होती. साहजिकच ज्याच्या घरी पैसा, तोच उमेदवारी करणार. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर मुलं दारातूनच परत जायची. २०२० च्या जूनमध्ये तिथल्या तीनशेहून अधिक गौरेतर रंगकर्मींनी एक जाहीर पत्र काढलं आणि या व्यवस्थेवर उघड बोट ठेवलं. आपल्याकडे रंगाच्या जागी जात घाला, वस्ती घाला, बोली घाला. बाकी हिशोब फारसा बदलत नाही.

आता हिशोबच मांडू. एक एकांकिका बसवायची. तालीम साधारण दीड महिना, रोज संध्याकाळी सात ते अकरा. घाटकोपरच्या टेकडीवर राहणारा एक मुलगा आहे, तो खाण्याची पार्सलं पोचवतो. त्याच्या धंद्याची खरी वेळ कोणती? तीच, सात ते अकरा. म्हणजे तालमीला यायचं तर रोजची सगळ्यात चांगली कमाई सोडायची. वर लोकलचं भाडं आणि बाहेरचं खाणं. हे पैसे कुठून येतात? त्याच्या आईच्या घरखर्चातून. दुसरा मुलगा पार्ल्याचा आहे. त्याचाही खर्च घरच भरतं, पण तो खर्च होतोय हे त्या घराला कळतसुद्धा नाही. तालीम फुकट होते असं आपण म्हणतो ना, ती फुकट कधीच नसते. बिल कोणाच्या तरी घरी जातं, एवढंच. काही घरांना ते परवडतं. काही घरं दुसऱ्या आठवड्यात म्हणतात, बस झालं आता नाटक.

आणि मुलगी असेल तर आणखी एक बिल असतं. अकराला तालीम सुटली की स्टेशन, मग गाडी, मग शेअर रिक्षा मिळाली तर मिळाली. शेवटच्या लोकलच्या आसपास महिलांच्या डब्यात एकटं बसून आलेल्या कोणालाही विचारा.

काही जण म्हणतात, हे पैसे देणं वगैरे नवं खूळ आहे, आपल्या परंपरेत नव्हतं. आम्हालाही आधी तसंच वाटायचं. मग जरा मागे जाऊन पाहिलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. या नाटक कंपन्या म्हणजे फिरती बिऱ्हाडंच. कंपनीत घेतलेल्या मुलाला जेवण कंपनीचं, राहणं कंपनीचं, आणि हळूहळू पगार. वर शिकवायला तालीम मास्तर. किर्लोस्कर मंडळीत हे काम गोविंद बल्लाळ देवलांनी केलं. १९०५ साली नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, कंपनीत आले आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले. त्यांना घडवण्यात देवलांचा हात होता. तेव्हा शिकता शिकता पोटाला मिळणं आणि शिकवण्यासाठी वेगळा माणूस असणं, या दोन्ही गोष्टी मराठी रंगभूमीनं पूर्वीच करून दाखवल्यात. फक्त त्या कंपनीच्या पंगतीत कोणाला बसता येत होतं आणि कोणाला नाही, ते तुम्हाला सांगायला नको.

ज्यांना त्या पंगतीत जागा नव्हती, त्यांची रंगभूमी दुसरी होती. तमाशा, जलसा, कलापथक. तमाशाच्या फडातही शिकणाऱ्याला पैसे मिळतात, पण त्याचं नाव 'उचल'. हंगामाच्या आधी फडमालक रक्कम देतो आणि ती कलावंतानं अंगमेहनतीनं फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर. म्हणजे तिकडे पगार आणि इकडे कर्ज. शिकणं दोन्हीकडे तेवढंच खडतर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जलशांचं आणखी वेगळं. भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. हे मुख्यतः कष्टकरी लोक होते, त्यांना काम सांभाळून हे करायचं होतं. कलापथकाचंही तेच. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. यातले अण्णा भाऊ इथलेच, घाटकोपरच्या चिरागनगरचे. इथून गाडीनं गेलं तर पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. झोपडीत राहून माणसानं 'फकिरा' लिहिली, वगनाट्यं लिहिली, १९६१ मध्ये रशियाला जाऊन आला. आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गेला तेव्हा खिशात काही नव्हतं. त्यांच्या नावानं आज सगळीकडे पुतळे आहेत, नगरं आहेत. एकेकाळी त्यांना दरमहा ठरलेली काही रक्कम मिळाली असती तर आणखी काय काय लिहून झालं असतं, असं मनात येतं. हे आमचं आपलं म्हणणं, याला पुरावा नाही.

याच पट्ट्यातले दुसरे शाहीर विलास घोगरे, आपल्या मुलुंडचे. आव्हान नाट्य मंचाचे गायक. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगऱ्यांनी आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाची सुरुवात या घटनेपासून झाली. त्यांच्या मृत्यूला आम्ही पैशाच्या हिशोबात बसवणार नाही, ते बरोबर नाही. इथे नाव घेतलं ते एवढ्यासाठी, की या उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये गाणारे, बोलणारे, उभं राहून हजार माणसं धरून ठेवणारे लोक नाहीत असं कोणी म्हणू नये. 'टॅलेंटच येत नाही हो तिकडून' हे वाक्य आम्ही कितीतरी बैठकींत ऐकलंय.

मग ते येत का नाही? येण्याचे रस्ते बघा.

पहिला रस्ता कॉलेजची एकांकिका. आज मराठी नाटक-मालिका-सिनेमात जी तरुण नावं आहेत, त्यांतली पुष्कळ याच रस्त्यानं आलीत. इथल्या वझे-केळकरमधून, विद्याविहारच्या सोमय्यातून, पार्ल्याच्या साठ्ये-डहाणूकरमधून, दादर-माटुंग्याच्या रुईया-रुपारेलमधून. आमच्यातलेही तिघे तिथलेच, त्यामुळे त्या दिवसांना नावं ठेवायचा आमचा हेतू नाही. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. मराठी रंगभूमीची खरी उमेदवारी तिथे होते आणि ती पूर्ण बिनपगारी असते. वर दिवसाच्या कॉलेजात प्रवेश पाहिजे. बारावीनंतर कामाला लागलेला, रात्रीच्या कॉलेजात जाणारा किंवा कॉलेज सोडलेला मुलगा त्या तालमीच्या हॉलपर्यंत पोचणार कसा?

दुसरा रस्ता सरकारी. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, महिन्याला ५ हजार, दोन वर्षं. चांगली योजना आहे, नाटकालाही लागू आहे. पण अर्ज करायचा तर आधी गुरूकडे किंवा संस्थेत किमान ५ वर्षं शिकलेलं असावं लागतं. शास्त्रीय गाण्याला हे ठीक आहे, तिथे सातव्या वर्षी क्लास लावतात. नाटकाला विसाव्या वर्षी अर्ज करायचा म्हणजे पोरानं पंधराव्या वर्षी गुरू गाठायला हवा. आणि पैसे मिळतात सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी. लोकलचा पास सहा महिने थांबत नाही.

त्याच खात्याची गुरु-शिष्य परंपरेची योजनाही आहे. तिच्यात संस्थेतल्या गुरूला महिन्याला १५ हजार आणि शिष्याला वयाप्रमाणे २ ते १० हजार मिळतात, नाटकाच्या संस्थेला १८ शिष्यांपर्यंत. कल्पना उत्तम. पण अर्ज करायचा संस्थेनं. त्यासाठी नोंदणी, लेखापरीक्षण, मागच्या कामाचे पुरावे, असं सगळं लागतं. वस्तीतल्या कलापथकाकडे डफ असतो, लेखापरीक्षक नसतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षं शिष्यवृत्तीसह शिकता येतं, पण अर्ज करायला पदवी पाहिजे आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव पाहिजे. कालिन्याला मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्राची अकादमी आहे, लोककला अकादमीही आहे, आणि तिथून उत्तम मुलं तयार होऊन बाहेर पडलीत. तिथेही पदव्युत्तर अभ्यासाला आधी पदवी लागतेच. म्हणजे बघा, एका दारावर ५ वर्षं, एका दारावर ६ नाटकं, एका दारावर पदवी. आणि ही ५ वर्षं, ही ६ नाटकं घडतात कुठे? तर फुकटच्या तालमींमध्ये. फुकटात टिकला तरच पैशांच्या दारापर्यंत पोचतो. आमचं सगळं भांडण या पहिल्या दोन वर्षांबद्दल आहे.

तिसरा रस्ता थेट व्यावसायिक नाटकाचा. तिथे नटाला 'नाइट' मिळते, म्हणजे प्रयोगागणिक पैसे. तालमीचे बहुतेक ठिकाणी काही नाही, चहा आणि वडापाव. पडद्यामागच्या माणसांनाही प्रयोग झाला तरच पैसे. नाटक दहा प्रयोगांत उतरलं तर दोन महिन्यांची तालीम पाण्यात.

आता आमची गोष्ट. पहिल्या वर्षी आम्ही चार जण निवडले, दोन मुलगे, दोन मुली, घाटकोपर-विक्रोळी-भांडुप पट्ट्यातले. मोठ्या ऐटीत जाहीर केलं की आम्ही मानधन देणार. आणि दिलं कसं? प्रयोगाच्या दिवशी, पाकिटात घालून, स्टेजवर, टाळ्यांच्या गजरात. फोटोसुद्धा काढले. तोपर्यंत चारातली एक मुलगी केव्हाच गेलेली होती. तिसऱ्या महिन्यात तिनं फोन घेणं बंद केलं. आम्ही आपापसात म्हटलं, सातत्य नाही या मुलांमध्ये. पुढे कधीतरी ती स्टेशनवर भेटली तेव्हा कळलं, की पासाचे पैसे ती शेजारणीकडून उसने घेत होती, ते फेडता येईनात म्हणून यायचं थांबवलं. आम्ही विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, मानधन कसं मागायचं?

ते ऐकून आम्ही गप्प झालो. 'मानधन' हा शब्दच बघा ना. मानाचं धन. मान कोणी मागतं का? पगार थकला तर माणूस विचारू शकतो, मानधन थकलं तर विचारणाराच हलका ठरतो. वर ते शेवटी एकदम मिळणार, म्हणजे तोपर्यंत उसनवारी. आम्ही चांगल्या मनानं जे चालवलं होतं ती उचलही नव्हती. उचल निदान आधी मिळते.

दुसऱ्या वर्षापासून शब्द बदलला आणि तारीखही ठरवली. विद्यावेतन, महिन्याला ९ हजार, आठ महिने, दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात. पहिल्या महिन्याचं पहिल्याच दिवशी. कामाचे तास कागदावर, आठवड्याला चोवीस. रात्री दहाच्या पुढे तालीम गेली तर घरी सोडायचा खर्च संस्थेचा. गंमत म्हणजे हा नियम केल्यापासून तालमी दहाला संपायला लागल्या. दिग्दर्शकाला अकरापर्यंत जी प्रेरणा लागायची, ती साडेनऊलाच येऊ लागली.

चार जणांचे आठ महिन्यांचे होतात २ लाख ८८ हजार. आमच्यासारख्यांना ही रक्कम मोठी आहे, लपवत नाही. निम्मे आमच्या आणि मित्रांच्या खिशातून येतात, उरलेले शाळा-कॉलेजांतल्या कार्यशाळांमधून. पण आमच्या आदल्या नाटकाचा सेट आणि त्याच्या वाहतुकीची बिलं एकदा काढून बघितली, तर आकडा फार लांब नव्हता. सेटला पैसे लागतात हे आम्हाला कोणी पटवून द्यावं लागलं नव्हतं. सुताराला कोणी म्हणत नाही की बाबा, अनुभव मिळेल, फुकट ठोक.

यावर ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आम्ही वडापाववर दिवस काढले, पैसे दिले की निष्ठा जाते. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहेच. पण वडापाववर दिवस काढून जे टिकले तेच आज ही आठवण सांगायला आहेत. जे टिकले नाहीत ते कुठल्या सत्कारात बोलणार? आणि आमचा अनुभव असा, की पैसे मिळायला लागल्यावर मुलं उलट जास्त भांडायला लागली. हा प्रसंग पटत नाही, हे वाक्य माझ्या तोंडी का, असं विचारायला लागली. याला निष्ठा म्हणत नसतील तर आम्हाला माहीत नाही.

नुसत्या पैशानं भागत नाही, हे मात्र आम्ही मार्गदर्शनाच्या बाबतीत शिकलो. आमच्यातल्याच एका अनुभवी माणसाकडे एक मुलगा सोपवला. पहिल्याच वाचनात त्यांनी त्याला थांबवलं. 'पानी' नाही, 'पाणी'. 'कोन' नाही, 'कोण'. तासाभरात वीसेक वेळा. हेतू वाईट नव्हता, त्यांनाही त्यांच्या गुरूंनी असंच शिकवलेलं. पण दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा हळू आवाजात वाचायला लागला आणि आठवड्यानं वाचायचाच थांबला. बाहेर गल्लीत क्रिकेट खेळताना ज्याचा आवाज दोन इमारती पलीकडे जायचा, तो पोरगा.

'न' आणि 'ण' ही आपल्याकडची फार जुनी चाळणी आहे. शुद्ध वाणी, शुद्ध वाणी म्हणत आपण नेमकी कोणाची वाणी शुद्ध ठरवतो? आता आम्ही असं करतो, की पहिले दोन महिने प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेत काम करायचं. त्यानंतर 'ण' शिकवायचा, मन लावून शिकवायचा, कारण पुढे त्याला कुठल्याही भूमिकेत उभं राहता आलं पाहिजे. पण तो शिकवायचा कसा? तलवारबाजी शिकवतात तसा, एक कसब म्हणून. आणि पार्ल्याच्या मुलाला त्याच तासाला विदर्भाची किंवा मराठवाड्याची बोली शिकायला लावायची. तिथे मग कोणाची जीभ अडखळते ते बघण्यासारखं असतं.

भूमिकांचंही तसंच. या मुलांच्या वाट्याला वर्षानुवर्षं काय आलं? गडी, वॉचमन, गुंड, नाहीतर विनोदी नोकर. म्हणून मार्गदर्शकाबरोबर आमचा एक लेखी करार असतो, की आठ महिन्यांत एक तरी मध्यवर्ती भूमिका त्या मुलाला किंवा मुलीला मिळालीच पाहिजे, आणि चहा आणणं, रिक्षा बोलावणं ही कामं मार्गदर्शकानं सांगायची नाहीत. पहिल्या दिवशी 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्नही विचारायचा नाही. आडनाव ऐकायची आपल्याला किती घाई असते, हे तो प्रश्न गिळायला लागल्यावर कळतं. मार्गदर्शकालाही पैसे देतो. फुकट शिकवणारा माणूस उपकार करत असतो, आणि उपकार करणाऱ्याला कोणी सांगत नाही की तुमचं चुकतंय.

मार्गदर्शक मिळवणं सगळ्यात अवघड जातं. ज्याच्याकडे बघून मुलाला वाटेल की हा आपल्यासारखाच आहे, असे लोक कमी नाहीत, पण ते स्वतःच पोटामागे धावत असतात. तरी पाया आहे. म. भि. चिटणीसांनी १९५० च्या दशकात मिलिंद महाविद्यालयात 'युगयात्रा' लिहिलं. पुढे प्रेमानंद गज्वी, दत्ता भगत यांनी नाटकं दिली. २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. संकल्पना संभाजी भगतांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि स्टेजवर अनेक जण जालना जिल्ह्यातले शेती करणारे. त्या नाटकाला गर्दी झाली. आमच्यातल्या दोघांनी ते पाहिलं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच मागच्या रांगेतली मंडळी पुढे सरकून बसली होती. ती बोली कोणालाही अडली नाही.

शेवटचा मुद्दा पडद्यामागचा. अभिनयात जागा थोड्या, नशीब जास्त. पण प्रकाशयोजना, ध्वनी, रंगमंच व्यवस्था यांत नियमित काम मिळतं. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला गुजराती नाटकांचे प्रयोग मंडळांच्या बुकिंगवर लागत असतात, तिथे हाताला वळण असलेला माणूस लागतोच. म्हणून आमच्याकडे चारांतले दोन जण तांत्रिक बाजूला असतात. मागच्या तुकडीतली एक मुलगी आता प्रकाशाचं काम करते, महिन्यातले दहा-बारा दिवस तरी तिला बोलावणं असतं. तिची आई पहिल्यांदा नाटक बघायला आली तेव्हा विचारत होती, ही दिसली कुठेच नाही. आम्ही म्हटलं, मावशी, जे जे दिसलं ते तिनंच दाखवलं. त्यांना काही ते फारसं पटलं नाही.

पुढची तुकडी जूनमध्ये सुरू होईल. अर्ज एका पानाचा आहे, हातानं लिहिला तरी चालतो, पदवी विचारलेली नाही, आणि लिहिणं जमत नसेल तर फोनवर बोलून पाठवलं तरी चालेल. तुमच्या इमारतीत पार्सल घेऊन येणाऱ्या, तुमच्या गल्लीत गणपतीत नाहीतर भीमजयंतीला माईक धरणाऱ्या कोणालाही सांगा. आणि इथे कोणी लेखापरीक्षक बसले असतील तर त्यांनी कृपया जाऊ नये, आमचं त्यांच्याकडे काम आहे. आता प्रश्न घेऊ.